एचआयव्ही कॉन्फरन्सला पहिला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवताना

दरवर्षी पावसाळा संपत आला की एकदोघांचा तरी फोन येतोच. कधी आयसीटीसीमधली, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रातली, नवी समुपदेशक असते, कधी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पीजी करणारा कोणी, कधी टीआय प्रोजेक्टमधली, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांत वस्तीवर जाऊन काम करणारी, आउटरीच वर्कर, आणि प्रश्न एकच, ताई आमच्याकडे तीन वर्षांचा डेटा पडून आहे, कॉन्फरन्सला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा छोटा सारांश, पाठवता येईल का? येईल की. पण "डेटा आहे" आणि "सांगण्यासारखं काहीतरी आहे" ह्या दोघांत पेडणे ते काणकोण, म्हणजे गोव्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढं अंतर आहे, आणि ते शेवटच्या रात्री धावत कापता येत नाही. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी काही मोठी संशोधक वगैरे नाही. समुपदेशक म्हणून लागले, रजिस्टरं भरली, धडपडत एक्सेल शिकले, पहिले दोन अ‍ॅब्स्ट्रॅक्ट परत आले आणि तिसरा पोस्टर म्हणून, म्हणजे परिषदेत लावून समोर उभं राहून समजावायला, लागला. त्यामुळे खाली जे आहे त्यातलं अर्धं चुकांतूनच आलेलं आहे.

पहिली पायरी: एकच प्रश्न धरा

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे छोटा पेपर नव्हे. साधारण २५० ते ३५० शब्द मिळतात, त्यात एकच गोष्ट नीट मावते. नवीन माणूस काय करतो, रजिस्टरमध्ये जेवढे कॉलम तेवढं सगळं कोंबतो, वय, लिंग, तालुका, शिक्षण, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), टीबी, सिफिलिस, आणि वर शीर्षक देतो की अमुक केंद्रात आलेल्या लोकांची प्रोफाइल. माझा पहिला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अगदी असाच होता आणि तो वाचून कोणीही विचारेल, बरं मग? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून लॅपटॉप उघडायच्या आधी कोणातरी बाहेरच्या माणसाला, म्हणजे ज्याचा ह्या कामाशी संबंध नाही अशाला, चहा-भाजीपाव खाता खाता एका वाक्यात सांगून बघा की तुम्हाला काय दिसलं. सांगताना "आणि शिवाय" आलं की समजा दोन अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहेत किंवा एकही नाही.

पुढे एक उदाहरण घेऊनच बोलू म्हणजे हवेत राहणार नाही. आकडे मी मनाने घेतलेत, कुठल्या केंद्राचे नाहीत. समजा तुमच्या केंद्रात एचआयव्हीचं निदान झालेल्या माणसाला आधी नुसती चिठ्ठी देऊन एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, पाठवायचे, मग एका एप्रिलपासून समुपदेशक किंवा आउटरीच वर्कर स्वतः सोबत जायला लागली आणि दोन दिवसांनी फोन करायला लागली. प्रश्न असा, की ह्याने लोक सात दिवसांच्या आत औषधं सुरू करायला लागले का? बस, एवढाच प्रश्न. ह्यात सीडी४ नाही, शिक्षण नाही, काही नाही.

दुसरी पायरी: परवानगी, आणि ही खरंच दुसरी आहे, शेवटची नाही

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. रजिस्टर तुम्ही भरलं म्हणून डेटा तुमचा होत नाही. आयसीटीसी, एआरटी, सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांचं), टीआय, ह्या सगळ्यांचा डेटा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा, म्हणजे तो चालवणाऱ्या नॅको ह्या केंद्रीय संस्थेचा, आणि आपल्याकडे तो गोवा स्टेट एड्स कंट्रोल सोसायटीमार्फत जातो. त्यामुळे लेखी परवानगी लागते, "सरांना विचारलंय" हे चालत नाही. अर्जात कुठला काळ, कुठले कॉलम, नावं-पत्ते काढलेत का, कुठे मांडणार, सगळं एका पानात लिहा म्हणजे समोरच्याला तुम्हाला परत परत बोलवावं लागत नाही.

मग एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात माणसांच्या हिताला धक्का लागत नाही ना ते बघणारी समिती. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी चाळा, मोठी आहेत पण रिव्ह्यूच्या प्रकारांचा भाग छोटा आहे: काही कामांना रिव्ह्यूतून सूट मिळते, काहींना एक्सपिडायटेड म्हणजे झटपट रिव्ह्यू, काहींना पूर्ण कमिटीसमोर जावं लागतं. पण सूट आहे की नाही हे कमिटी ठरवते, तुम्ही नाही. "आम्ही फक्त जुनी रजिस्टरं बघितली, नावं काढून टाकली, त्यामुळे एथिक्सची गरज नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. गरज नाही असं कमिटीने लिहून द्यायचं असतं, आणि काम संपल्यावर मागच्या तारखेने परवानगी मागायला गेलात तर ती मिळत नाही, मिळायलाही नको. एनजीओकडे स्वतःची कमिटी नसते, अशा वेळी दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिच्याकडे प्रस्ताव देता येतो. कमिटीच्या बैठका काही रोज नसतात आणि मध्ये गणपतीची चवथ आली की आठवडा-दीड आठवडा गेलाच म्हणून धरा. डेडलाइनच्या चार-पाच महिने आधी अर्ज टाका.

परदेशातली संस्था किंवा परदेशी पैसा असेल तर वेगळी मंजुरी लागते. औषधाची वगैरे ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी पहिला माणूस भरती करायच्या आधी. हे पहिल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टला सहसा लागत नाही म्हणून इथेच सोडते.

तिसरी पायरी: कुठे पाठवायचा

घराजवळून सुरुवात करायची तर एड्स सोसायटी ऑफ इंडियाची आसिकॉन आहे, लैंगिक आजारांसाठी इंडियन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ एसटीडी अँड एड्सची परिषद आहे. बाहेर बघायचं तर इंटरनॅशनल एड्स सोसायटीची परिषद, २०२३ ला ब्रिस्बेन, २०२४ ला म्युनिक, २०२५ ला किगाली अशी ती फिरत असते. ऑस्ट्रेलियात एचआयव्ही आणि सेक्शुअल हेल्थ अशा दोन परिषदा एकमेकींना लागून होतात, समुपदेशन, कम्युनिटीचं काम, एसटीआय (लैंगिक संसर्ग) सेवा असले विषय तिथे बरे बसतात. प्रयोगशाळेतलं बेसिक सायन्स असेल तर तुम्ही हा लेख वाचत नसाल.

परिषद निवडली की तिचा नियमांचा पानपसारा पूर्ण वाचा. प्रिंट काढून. त्यात दोन गोष्टी शोधायच्या.

एक म्हणजे ट्रॅक. इंटरनॅशनल एड्स कॉन्फरन्सला ए पासून एफ पर्यंत ट्रॅक असतात, बेसिक सायन्स, क्लिनिकल, एपिडेमिऑलॉजी आणि प्रिव्हेन्शन, सामाजिक-वर्तणूक, इम्प्लिमेंटेशन (कार्यक्रम प्रत्यक्ष राबवणं), आणि कायदा-हक्क-धोरण. आपलं सोबत जाण्याचं उदाहरण इम्प्लिमेंटेशनमध्ये जाईल. ते क्लिनिकलमध्ये टाकलं तर ते वाचणारा डॉक्टर औषध शोधत बसेल आणि मार्क कमी देईल, त्याची चूक नाही.

दुसरं म्हणजे प्रकार, आणि हे एनजीओवाल्यांना कोणी सांगतच नाही. बऱ्याच ठिकाणी दोन साचे असतात. एक संशोधनाचा: पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्षाचे आकडे, आणि अर्थ. दुसरा कामातून शिकलेल्या गोष्टींचा: पार्श्वभूमी, काम काय केलं त्याचं वर्णन, काय शिकलो, पुढे काय. तुमच्याकडे तुलना करायला आधीचा काळ नाही, पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते जोखणारा आकडा) नाही, पण बायणाच्या वस्तीत किंवा कळंगुटच्या किनारपट्टीवर दोन वर्षं काम करून काहीतरी खरंखुरं कळलंय, तर दुसरा साचा घ्या. त्यात आकडे नकोत असं नाही हं, आकडे लागतातच. फक्त उगाच संशोधनाचा कोट चढवायची गरज नाही.

आणि एक सावधगिरी. "आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन" अशी मेल आली, परिषद दुबईच्या किंवा बँकॉकच्या हॉटेलात आहे, विषय एचआयव्हीपासून दंतवैद्यकापर्यंत सगळे, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट दोन दिवसांत मंजूर, तर ती परिषद तुमच्या नोंदणी फीवर चालते. डिलीट करा.

चौथी पायरी: मधून लिहायला घ्या

आता खरं काम. सगळेजण पार्श्वभूमीपासून सुरू करतात आणि शंभर शब्द "एचआयव्ही ही जागतिक आरोग्य समस्या आहे" ह्यात घालवतात. अहो, एचआयव्हीच्या परिषदेत बसलेल्या माणसाला एचआयव्ही काय आहे ते सांगताय! आधी आकड्यांचा भाग लिहा. तो झाला की पद्धत, मग अर्थ, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमीची दोन वाक्यं, आणि त्याहून शेवटी शीर्षक.

मी आधी मराठीत लिहिते. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंग्रजीतच जातो हे खरं, पण विचार पक्का नसला की इंग्रजीत मोठे मोठे शब्द येऊन तो झाकला जातो, मराठीत लगेच उघडा पडतो.

उदाहरणातली पहिली कच्ची ओळ अशी असते: "नवीन उपक्रमामुळे औषधं सुरू करण्याच्या प्रमाणात लक्षणीय वाढ झाली." ह्यात एकही गोष्ट तपासता येत नाही. आता हीच ओळ: "आधीच्या वर्षी निदान झालेल्या ४६ पैकी २९ जणांनी (६३ टक्के) सात दिवसांत औषधं सुरू केली, उपक्रमाच्या वर्षी ५२ पैकी ४३ जणांनी (८३ टक्के), फरक २० टक्के-बिंदू, ९५ टक्के विश्वासांतर २ ते ३७." बघा, किती माणसं, कशातली, किती काळात, सगळं आलं.

आणि त्या २ ते ३७ ला घाबरू नका. आकडे लहान आहेत म्हणून अंतर रुंद आहे, म्हणजे खरा फरक दोनच टक्के-बिंदू असू शकतो किंवा सदतीस. गोव्यासारख्या ठिकाणी आकडे लहानच असणार, अख्ख्या राज्याची लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख. रिव्ह्यू करणाऱ्याला लहान आकड्यांचा राग नसतो, लहान आकडे लपवून नुसते टक्के लिहिले की मात्र येतो. "६७ टक्के लोक समाधानी" आणि मागे बघावं तर तिघांपैकी दोघं.

टक्के आणि टक्के-बिंदू ह्यातला घोळही इथेच होतो. ६३ वरून ८३ म्हणजे २० टक्के-बिंदूंची वाढ. २० टक्के वाढ म्हटलंत तर ते ७६ होतं. मोठमोठे लोक चुकतात ह्यात, पण पोस्टरसमोर उभं राहून चूक ऐकायला आपल्यालाच लागते.

आता छेद. शाळेतला अंश-छेद आठवतो ना, तोच. अंश सगळे नीट मोजतात, छेदाकडे कोणी बघत नाही, आणि गोव्यात छेदातच खरी गंमत आहे. आपल्याकडे निदान झालेला माणूस बांधकामावरचा असतो, ट्रॉलरवरचा असतो, हंगाम संपला की बेळगावला नाहीतर आणखी कुठे गावी जातो आणि तिथे औषधं सुरू करतो. तुमच्या रजिस्टरमध्ये तो "पोहोचला नाही" असा दिसतो. उलट बाजूने सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं बांबोळीला येतात, निदान इथे आणि औषधं तिकडे. मग ही माणसं ४६ मध्ये धरायची का? धरा किंवा धरू नका, पण काय केलं ते पद्धतीत एका वाक्यात लिहा आणि दोन्ही वर्षांना तोच नियम लावा. माझा दुसरा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ह्याच्यावरच गेला: पहिल्या वर्षी बाहेर बदली झालेले छेदात होते, दुसऱ्या वर्षी मी त्यांना काढले होते, आणि मला पत्ताच नव्हता कारण मध्ये रजिस्टरचा फॉरमॅट बदलला होता. सगळी सुधारणा त्यातूनच आली होती! म्हणून बसा, दोन्ही वर्षांची रजिस्टरं समोरासमोर उघडा, एक एक ओळ हाताने जुळवा. कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय नाही.

अर्थाच्या भागात हात आखडता घ्या. आधी-नंतरची तुलना आहे, शेजारी तुलनेला दुसरं केंद्र नाही, तर "उपक्रमामुळे" लिहू नका, "उपक्रम सुरू झाल्यानंतर" लिहा. त्याच वर्षी एआरटी सेंटरची वेळ बदलली असेल, नवीन बस सुरू झाली असेल, काहीही असेल.

"सविस्तर निष्कर्ष परिषदेत मांडू" हे वाक्य कधीच नको. आकडे नसलेला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे मासळीशिवाय हुमण. डेटा पूर्ण नसेल तर आतापर्यंतचा लिहा आणि तसं सांगा, किंवा पुढच्या वर्षी पाठवा. काही परिषदांना नंतर लेट-ब्रेकर म्हणून एक खिडकी उघडते, पण ती खरोखर नव्या आणि मोठ्या निष्कर्षांसाठी असते, आपल्या आळसासाठी नाही.

आपले घरचे शब्द

आपण इतकी वर्षं शॉर्टफॉर्ममध्ये बोलतो की ते बाहेर कोणाला कळत नाहीत हेच विसरतो. टीआय, एचआरजी, ओआरडब्ल्यू, एलएफयू. सुरक्षा क्लिनिकमध्ये तर आपण रंगांत बोलतो, "आज चार ग्रे आणि दोन ग्रीन गेली". ग्रे म्हणजे किट वन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, हे इथल्या नर्सला झोपेतही माहीत, पण मेलबर्नच्या रिव्ह्यूअरला ग्रे किट म्हणजे काय कळणार, पेंटचा डबा?

आणि ह्यात नुसत्या शब्दांची गोष्ट नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सिंड्रोमिक पद्धतीने, म्हणजे लक्षणांवरून उपचार होतात, तपासणी होतेच असं नाही. रजिस्टरमध्ये "मूत्रमार्गातून स्राव" लिहिलंय म्हणजे गनोरिया झाला होता असं नाही, क्लॅमिडिया असेल, आणखी काही असेल. ग्रे किटं मोजून "गनोरियाचं प्रमाण" असं शीर्षक दिलं की पहिल्या ओळीतच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पडला. जे नोंदवलंय तेच लिहा. तसंच व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, "दबलेला" म्हणताना किती कॉपीजच्या खाली ते आकड्यात सांगा, कारण कार्यक्रमाच्या अहवालांत १,००० धरतात आणि यू इक्वल्स यूच्या (विषाणू तपासणीत दिसत नाही तर तो शरीरसंबंधातून पसरत नाही, ह्याच्या) अभ्यासांत २००, दोन्हींची भेसळ झाली तर वाचणाऱ्याला काही कळत नाही.

माणसांबद्दलचे शब्दही बदला. "एड्स रुग्ण", "एचआयव्हीबाधित", "डिफॉल्टर", "केसेस" हे सगळं जुन्या रजिस्टरांत सर्रास आहे. आता "एचआयव्हीसह जगणारी माणसं" म्हणतात, "औषधं थांबलेली माणसं" म्हणतात, यूएनएड्सची ह्यासाठी शब्दांची स्वतंत्र मार्गदर्शिकाच आहे आणि बऱ्याच परिषदा तिच्याकडे किंवा तसल्याच दुसऱ्या यादीकडे बोट दाखवतात. कोणाला हे नाटक वाटतं. मला आधी वाटायचं. मग एकदा मीटिंगमध्ये मी "डिफॉल्टर लिस्ट" वाचत होते आणि त्या लिस्टमधली एक बाई, जी आता पिअर म्हणून, म्हणजे स्वतःच्या अनुभवातून इतरांना आधार देत, काम करते, समोर बसली होती. ती काही बोलली नाही. मी पुढची नावं वाचलीच नाहीत.

छोट्या गोव्याची मोठी अडचण

हे मुद्दाम वेगळं काढलंय कारण दिल्ली-मुंबईत बसून लिहिलेल्या मार्गदर्शनात हे येत नाही. नाव काढलं की डेटा अनामिक झाला असं आपण समजतो. आता हे वाचा: "म्हापशातला, पन्नाशीच्या पुढचा, मोटारसायकल पायलट, बायको बार्देशातल्याच एका गावात पंच". (पायलट म्हणजे आपला दुचाकी टॅक्सीवाला.) नाव कुठेय ह्यात? पण म्हापशाच्या मार्केटात कोणालाही विचारा, दोन मिनिटांत घर दाखवेल. अवघे बारा तालुके, प्रत्येकजण कोणाचा तरी कोण. इथे वय, तालुका आणि धंदा एकत्र आले की नाव लिहिल्यासारखंच आहे.

त्यामुळे तालुक्याच्या जागी उत्तर किंवा दक्षिण गोवा, किंवा नुसतं "एका केंद्रात". वय गटांत. टेबलात पाचपेक्षा कमी माणसांचा रकाना आला तर दोन रकाने जोडा. एखाद्याचं बोलणं उद्धृत करायचं असेल तर त्यातले ओळख पटणारे तपशील काढा, आणि परवानगी तर हवीच. ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल किंवा विदेशी नागरिकांबद्दल काम असेल तर दुप्पट काळजी, कारण संख्या आणखी कमी.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तो माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई करतो, हे झालं कागदावरचं कारण. पण गोव्याला कारणासाठी कायद्यापर्यंत जायची गरज नाही. १९८९ मध्ये पर्राच्या डॉमिनिक डिसोझाने रक्तदान केलं होतं, त्यातून एचआयव्ही कळला, आणि तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशात जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस डांबून ठेवलं. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली. गावात काय काय बोललं गेलं ते त्या पिढीतल्या कोणालाही विचारा. मी नव्या मुलांना अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं टेबल करायला बसवते तेव्हा आधी हे सांगते, मग टेबल.

आणि हो, मसुदा सुधारायला कुठल्याही ऑनलाइन एआय टूलमध्ये पेशंटची एक्सेल शीट चिकटवू नका. इंग्रजी नीट करून घ्यायचं तर फक्त तयार परिच्छेद द्या, आणि परिषदेने ते जाहीर करायला सांगितलं असेल तर जाहीर करा.

लेखकांची यादी, म्हणजे भांडणाचं मूळ

कोणाचं नाव कितवं हे लिहायच्या आधी ठरवा, नंतर नाही. ज्याने खरंच काम रचलं, डेटा गोळा केला किंवा विश्लेषण केलं, मसुद्यावर हात फिरवला, शेवटचा मसुदा वाचून हो म्हटलं आणि जबाबदारी घेतो, तो लेखक. नुसती खुर्ची दिली म्हणून साहेबांचं नाव घालायचा रिवाज आहे, तो मोडणं तुमच्या हातात कितपत आहे ते तुम्ही जाणता, पण निदान रजिस्टर भरणाऱ्या समुपदेशकाचं नाव तरी गाळू नका. तीच जास्त वेळा गळते. सगळ्यांना मेलवर मसुदा पाठवून लेखी होकार घ्या, फोनवरचा होकार नंतर कोणाला आठवत नाही. कुठल्या कंपनीकडून पैसे, प्रवास, मानधन घेतलं असेल तर ते जाहीर करायचा रकाना असतो, तोही सगळ्यांकडून आधीच भरून घ्या.

मसुद्यात मात्र कोणाचंही नाव, संस्थेचं नाव येऊ देऊ नका. रिव्ह्यू बहुतेक ठिकाणी लेखक झाकून होतो, आणि "आमच्या अमुक संस्थेने" असं मजकुरात आलं की झाकलेलं उघडं पडतं.

पोर्टल आणि घड्याळ

खातं आजच उघडा, पासवर्ड लिहून ठेवा, रिकामा मसुदा सेव्ह करून बघा. शब्दमर्यादा पोर्टल स्वतः मोजतं आणि त्याचं मोजणं वर्डशी जुळत नाही, टेबल टाकलं तर त्याचेही शब्द काही ठिकाणी कापतात. म्हणून दहा-पंधरा शब्द कमीच ठेवा. चिकटवल्यावर "पेक्षा कमी"च्या खुणा, अंशाच्या खुणा गायब होतात, त्या एकेक तपासा. एकदा माझं "०.०५ पेक्षा कमी" नुसतं "०.०५" झालं होतं.

वेळ बघा, कुठल्या देशाची ते बघा. जिनिव्हाच्या घड्याळाप्रमाणे हिवाळ्यात रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ४:२९, त्यामुळे थोडी सवलत वाटते. पण सिडनीचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपले त्याच संध्याकाळचे ७:२९, आणि त्यांच्याकडे उन्हाळ्याचं घड्याळ चालू असेल तर ६:२९! मी एकदा जेवून निवांत नऊ वाजता बसले होते. पोर्टल बंद. तीन महिन्यांचं काम आणि समोर "सबमिशन क्लोज्ड". आपल्याकडे "फाल्यां पळोवया", म्हणजे उद्या बघू, म्हणायची सवय, त्यात जूनमध्ये पाऊस पडला की वीज जाते आणि वीज गेली की नेट. दोन दिवस आधी पाठवा, नंतर सुधारता येतं बहुतेक पोर्टलवर, डेडलाइनपर्यंत. पाठवल्यावर मेलवर नंबर येतो. नंबर आला नाही तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट गेलेला नाही, मसुदा म्हणून पडून आहे.

त्याच दिवशी स्कॉलरशिपचा अर्जही भरा. तो वेगळा असतो, आणि बऱ्याचदा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवणाऱ्यांना त्यात झुकतं माप मिळतं. पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी इंटरनॅशनल एड्स सोसायटीच्या परिषदांना मेंटरची सोय असते, अनुभवी माणूस तुमचा मसुदा वाचून सूचना देतो, पण त्याची तारीख मुख्य डेडलाइनच्या बरीच आधी संपते. ही सोय फार कमी लोक वापरतात, मला तर तिसऱ्या वर्षी कळली.

उत्तर आल्यावर

रिजेक्ट झाला तर दोन दिवस रुसा, मग रिव्ह्यूअरची टिप्पणी दिली असेल तर ती वाचा. तोच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सुधारून दुसरीकडे पाठवता येतो, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी नको, आणि आधी छापून आलेला असेल तर ते लपवू नका.

लागला तर बहुधा पोस्टर म्हणून लागेल. तोंडी सादरीकरण नाही मिळालं म्हणून खट्टू होऊ नका, पोस्टरसमोर उभं राहिलं की खरे प्रश्न विचारणारी माणसं येतात, स्टेजवरून खाली उतरल्यावर फक्त टाळ्या. निष्कर्षांवर एम्बार्गो असेल तर सादर होईपर्यंत पेपरवाल्यांना, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कुठेच आकडे टाकू नका, अभिनंदनाच्या उत्साहात हे हमखास होतं.

व्हिसासाठी निमंत्रणपत्र लगेच मागा. टीममधलं कोणी एचआयव्हीसह जगणारं असेल आणि प्रवास करणार असेल तर त्या देशाचे प्रवेशाचे नियम आधी बघा. हा प्रश्न काही नवा नाही, अमेरिकेच्या प्रवेशबंदीमुळे १९९० च्या सॅन फ्रान्सिस्कोनंतर थेट २०१२ पर्यंत आंतरराष्ट्रीय एड्स परिषद तिथे झालीच नव्हती, बंदी उठली २०१० मध्ये. औषधं हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, चेक-इन बॅगेत कधीच नाही.

पोस्टर कागदावर न छापता कापडावर छापून घ्या, पणजीत आणि मडगावात फ्लेक्सवाले करून देतात, घडी घालून कपड्यांत जातो आणि ती लांब नळी सांभाळत विमानात चढावं लागत नाही. एक जादा प्रत काढा, केंद्रातल्या भिंतीसाठी. आमची अजून तिथेच आहे, बाकड्यासमोर, मराठीत केलेली. एका दुपारी औषधांसाठी थांबलेला एक माणूस ती सगळी वाचून माझ्याकडे आला आणि म्हणाला, मॅडम, ह्या ४३ मध्ये मी आहे काय? पोस्टरवरचा आकडा वेगळा होता, उदाहरणातला नाही, पण प्रश्न हाच. मी रजिस्टर काढून बघितलं. होता.